शाईचोर आणि डावी बाही

“माझी नजर ससाण्याची, कान सशाचे, नाक मुंगीचं आणि स्मरणशक्ती सावकाराची. मी खोलीत पाऊल टाकलं की भिंती बोलायला लागतात आणि माणसं गप्प होतात. गुन्हेगार माझं नाव निघालं तरी घाम पुसतात. आजवर एकही रहस्य माझ्यापुढे टिकलेलं नाही. एवढं असूनही मी साधा राहिलो, हाच माझ्या मोठेपणाचा पुरावा.”

वरचा परिच्छेद माझा नाही. तो माझ्या भावोजींनी हात पाठीमागे बांधून, येरझाऱ्या घालत सांगितला आणि मी उतरवून घेतला. त्यातलं माणसं गप्प होतात एवढं मात्र खरं आहे. भावोजी खोलीत आले की बाकीच्यांना बोलायला जागाच उरत नाही.

भावोजी बस आगारात हरवलेल्या सामानाच्या खिडकीत बसतात. कुणी येऊन म्हणतं, “माझी छत्री राहिली बसमध्ये.” भावोजी डोळे बारीक करतात. “काळी होती?” माणूस म्हणतो, “हो.” “दांडा वाकडा?” माणूस चकित होऊन म्हणतो, “तुम्हाला कसं कळलं?” मग भावोजी मागच्या फळीवरून छत्री काढून देतात. ती कंडक्टरने आदल्या दिवशीच आणून ठेवलेली असते आणि जगातल्या निम्म्या छत्र्या काळ्या आणि वाकड्या दांड्याच्या असतात, या दोन गोष्टी भावोजी हिशेबात धरत नाहीत. या खिडकीत बसून बसूनच त्यांना आपण गुप्तहेर असल्याचा शोध लागला.

मी त्यांचा मेहुणा. दातांच्या दवाखान्यात पेशंटची नावं पुकारायचं काम करतो आणि उरलेला वेळ आतून येणारं “चूळ भरा, चूळ भरा” ऐकत बसतो. दवाखाना जवळ पडतो म्हणून ताईकडे राहतो आणि ताईकडे जेवतो म्हणून भावोजींचा सहायक आहे. या पदाला दुसरी पात्रता लागली नाही.

घरात चौथं माणूस म्हणजे भावोजींची आई. मी त्यांना मावशी म्हणतो. हॉलच्या खिडकीपाशी त्यांची खुर्ची आहे आणि तिथे त्या दिवसभर डोळे मिटून बसलेल्या असतात. त्या झोपल्यात असं समजून कुणी काही बोललं, तर त्याला संध्याकाळी उत्तर मिळतं.

त्यांच्या खुर्चीच्या शेजारच्या टेबलावर ताईचा प्रिंटर आणि या प्रिंटरपाशीच आमचं प्रकरण सुरू होतं.

ताई लहान मुलांच्या कपड्यांचे कागदी पॅटर्न बनवते. गळा, बाही, पाठ, पुढा सगळं संगणकावर आखायचं, खऱ्या मापात छापायचं, कागदाला कागद चिकटवायचा, कापून पाकिटात भरायचं. पॅटर्न कापडावर ठेवला की नवशिक्याही फ्रॉक बेतू शकतो. वेगवेगळ्या मापांच्या रेषा वेगवेगळ्या रंगांत असतात, म्हणजे दोन वर्षांच्या मुलाला सहा वर्षांच्या बाह्या लागत नाहीत. शिवणक्लासच्या बाई ही पाकिटं गठ्ठ्याने नेतात.

त्याआधी ताई एका मालवाहतूक कंपनीत बिलं करायची. त्या दिवसांत ती घरी आली की चपला काढायच्या आधी दारातच डोळे मिटून क्षणभर उभी राहायची. आता काम करताना गुणगुणते. सूर जेमतेमच असतात, पण मला ते ऐकायला फार आवडतं, हे तिला मी कधी सांगितलेलं नाही.

त्या सोमवारी गुणगुणणं बंद पडलं.

“शाई परत संपली,” ताई म्हणाली. प्रिंटरचा लाल दिवा लुकलुकत होता. “आत्ता तर नवीन कार्ट्रिज घातलं होतं. मी छापते किती आणि ही जाते किती. सगळी कमाई हा पिऊन टाकतो.”

“कोण?” भावोजी दारातून म्हणाले.

“प्रिंटर.”

“प्रिंटर पीत नाही. माणसं पितात.” भावोजी आत आले आणि सवयीने पंख्याचं बटण बंद केलं. पंख्याखाली आम्ही तिघं बसलो होतो.

भावोजींची ही शिस्त इथेच सांगून टाकतो. चालू राहिलेलं बटण म्हणजे चोराला दिलेलं आमंत्रण, असं त्यांचं मत आहे. ते खोलीत शिरताना एक बटण बंद करतात आणि निघताना उरलेली. मावशी न्हाणीघरात असताना त्यांनी तिथला दिवा इतक्यांदा घालवला आहे की मावशी आता आत गेल्यावर मोठ्याने खोकत राहतात.

ताईने पंखा परत लावला. “हे बघा, मी खरंच सांगते. जुन्या ऑफिसातून फोन आला होता. जागा रिकामी झालीय, पुढच्या सोमवारी सकाळपर्यंत कळवा म्हणालेत. रविवारी मला क्लासच्या बाईंना शर्टांची पाकिटं द्यायचीत. या खेपेला शाई पुरली तर ठीक. नाही तर मी हे सगळं गुंडाळते आणि तिकडे जाते.”

हे ती रागाने म्हणाली असती तर मला काही वाटलं नसतं. ती अगदी शांतपणे म्हणाली, म्हणून मी घाईघाईने उपाय शोधला.

“नवा प्रिंटर घेऊ या की,” मी म्हणालो. “शाई स्वस्त पडेल असा.”

“आणि त्याचीही अशीच गेली तर? आधी जाते कुठे ते कळू दे.”

भावोजींनी छाती फुगवली. “प्रकरण मी घेतलं.”

मावशींनी एक डोळा उघडला आणि परत मिटला.

भावोजींना संशयितांचा तक्ता हवा होता. तो छापायला ते प्रिंटरकडे निघाले, तेव्हा ताईने त्यांच्याकडे नुसतं बघितलं. तक्ता हाताने लिहावा लागला.

पहिला संशयित कार्ट्रिज. “डबी मोठी, आत शाई थेंबभर. सिद्ध करतो,” म्हणत भावोजींनी रिकामं कार्ट्रिज स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवलं. मग नवं ठेवलं. वजनातला फरक सांगण्यासारखा होता की नाही हे कळलं नाही, कारण नवं कार्ट्रिज त्यांनी उलटं धरलं होतं. पुढचा अर्धा तास आम्ही ओटा घासत होतो आणि ताईला दुसरं कार्ट्रिज आणावं लागलं. संध्याकाळी भावोजींना फ्रिजच्या दारावर काळा अंगठा उमटलेला दिसला आणि त्यांचा चेहरा उजळला.

“मेहुणे, अंगठा दाखवा.”

मी दाखवला. स्वच्छ होता.

“धुतलात,” भावोजी म्हणाले आणि तक्त्यात माझं नाव घातलं. त्यांचा स्वतःचा अंगठा कोळशासारखा काळा होता, पण तो पेन धरण्यात गुंतलेला होता.

दुसरे संशयित वरच्या मजल्यावरचे कवी. भावोजींचा सिद्धांत असा की हल्लीचे प्रिंटर बिनतारी चालतात, तेव्हा कवी वर बसून आपल्या कविता हवेतून खाली सोडत असणार आणि शाई आमची वापरत असणार. “मग कागद कुठे जातात?” मी विचारलं. भावोजी म्हणाले, “सहायकाने प्रश्न विचारायचे नसतात, चकित व्हायचं असतं.”

आम्ही वर गेलो. कवींनी दार उघडलं आणि आम्हाला बघून त्यांचे डोळे भरून आले. त्यांच्याकडे बऱ्याच दिवसांत कुणी आलं नव्हतं.

“तुम्ही कविता छापता?” भावोजींनी थेट विचारलं.

“कोण छापतंय हो,” कवी म्हणाले. “बसा, ऐकवतो.”

ते पेन्सिलीने लिहितात हे आम्हाला पहिल्या कवितेलाच दिसलं होतं. पण उठता आलं नाही. ‘वेदना’ भाग एकपासून सुरुवात झाली. आम्ही खाली उतरलो तेव्हा सगळे भाग ऐकून झाले होते आणि वेदना भावोजींच्या चेहऱ्यावर उतरली होती.

“निर्दोष,” ते म्हणाले. “पण शिक्षा व्हायला हवी.”

तिसरा सिद्धांत बाष्पीभवन. त्यासाठी प्रिंटरवर ओला टॉवेल घालण्यात आला. ताईने तो काढून भावोजींच्या खांद्यावर ठेवला आणि ती चर्चा तिथेच संपली.

मग पाळत ठेवायचं ठरलं. शुक्रवारी भावोजींनी रजा टाकली, माझा दवाखाना बंदच होता. आम्ही दोघं हॉलच्या पडद्यामागे उभे राहिलो. पडदा गुडघ्यांपर्यंतच येतो.

ताई आली. भिंतीवरचं बटण लावलं. प्रिंटर खडबडून जागा झाला, खरखरला, गुळगुळला, घशातून चित्रविचित्र आवाज काढू लागला आणि मग एक पुढा छापून गप्प झाला. ताई कापायला आत गेली. भावोजी पडद्यातून बाहेर आले, दबक्या पावलांनी टेबलापाशी गेले, भिंतीवरचं बटण खटकन बंद केलं आणि पुन्हा पडद्यामागे आले.

“कशाला?” मी कुजबुजलो.

“शिस्त. पाळत असली म्हणून शिस्त सोडायची का?”

ताई परत आली. बटण लावलं. खरखर, गुळगुळ. एक पाठ छापली आणि आत गेली. भावोजी बाहेर, खटक, परत आत. दुपारपर्यंत हेच चाललं. चोर काही फिरकला नाही.

“माझी चाहूल लागली त्याला,” भावोजी म्हणाले.

खुर्चीतून मावशी डोळे मिटूनच म्हणाल्या, “मला काही विचारायचं नाही का?”

“आई, तू झोप. तू संशयित नाहीस.”

“का बरं?” मावशींच्या आवाजात धार होती. “माझ्याच्यानं होणार नाही वाटतं?”

भावोजींनी ते मनावर घेतलं नाही. तक्त्यात त्यांनी आईचं नाव आदरापोटी घातलं नव्हतं. मावशींना त्यात आदर दिसत नव्हता.

शनिवारी आम्ही प्रिंटरच्या दुकानात गेलो. ताईने एवढंच सांगितलं होतं की शाई स्वस्त पडणारा कोणता ते नीट विचारून या. भावोजींनी ते चौकशीच्या अर्थाने घेतलं.

दुकानदाराने पहिला प्रिंटर दाखवला. “हा सगळ्यांत स्वस्त. पण कार्ट्रिज पटापट संपतात आणि महाग असतात. म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.”

भावोजी प्रिंटरसमोर खाली बसले, त्याच्या डोळ्याला डोळा भिडवायचा म्हणून. प्रिंटरला डोळा नव्हता, तेव्हा त्यांनी कागद आत जायच्या फटीकडे रोखून पाहिलं.

“हा लेझर,” दुकानदार माझ्याकडे वळून म्हणाला. त्याने श्रोता बदलला होता. “शाई नाही, पावडर. महिनोन्महिने पडून राहिला तरी वाळत नाही. नुसतं काळं छापायचं तर उत्तम. रंगीत हवं असेल तर मात्र अंगावर येईल.”

“रंगीत लागतं,” मी म्हणालो.

“मग हा टाकीवाला. घेताना जड जातो, पण शाई बाटलीतून भरायची. भरपूर छापणाऱ्याला हाच परवडतो. आणि इथून दिसतं बघा, किती उरलीय ते.”

भावोजी उठले. “दिसतं? म्हणजे चोरालाही दिसणार.”

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

“शाई लवकर संपते का तुमची?” त्याने विचारलं. “घरी वापरता कसा तुम्ही? म्हणजे बंद कसा करता?”

“काम झालं की तत्काळ भिंतीवरून,” भावोजी अभिमानाने म्हणाले. “दिवसातून कितीही वेळा असो.”

“अहो, मग तेच तर...”

“प्रश्न मी विचारतो,” भावोजी म्हणाले. “शाईच्या काळ्या बाजाराबद्दल तुम्हाला काय माहिती आहे?”

“काही नाही. पण साहेब, भिंतीवरून जर...”

“घाम का पुसताय?”

“पंखा तुम्ही बंद केलात आत्ता.”

आम्ही काहीही न घेता परत आलो. भावोजी वाटेत म्हणाले की माणूस काहीतरी सांगायचं टाळत होता.

रविवारी दुपारी ताई शेवटची पाकिटं छापत होती. पुढे झाले, पाठी झाल्या, कॉलर झाल्या, उजव्या बाह्या झाल्या. डाव्या बाहीचा पहिला कागद अर्धा बाहेर आला आणि त्यावरची रेषा फिकट होत होत नाहीशी झाली. लाल दिवा लुकलुकायला लागला.

तो कागद ताईने हलकेच ओढून काढला, हातात धरून बघत राहिली आणि मग खुर्चीत बसून फोन हातात घेतला. जुन्या ऑफिसला निरोप लिहायला.

“थांब,” भावोजी म्हणाले. “सगळ्यांना हॉलमध्ये बोलव. मी उलगडा करतो.”

सगळे म्हणजे आम्हीच होतो. कवींनाही वरून आणलं, ते वही घेऊन आले. भावोजींनी हात पाठीमागे बांधले.

“या खोलीत,” ते म्हणाले, “शाईचोर हजर आहे.”

“आहेच,” मावशी म्हणाल्या.

भावोजींना मध्येच कुणी दुजोरा दिलेला चालत नाही. ते जरा थांबून पुढे म्हणाले, “तो रोज या यंत्रापाशी येतो. घरातल्यांना त्याचा संशय येत नाही. तो दबक्या पावलांनी येतो...”

“येतो,” मावशी म्हणाल्या.

“...आणि क्षणात आपलं काम करून निघून जातो. मेहुणे, सगळे धागे तुमच्याकडे...”

“त्या पोराला कशाला छळतोस?” मावशींनी आता दोन्ही डोळे उघडले होते. “तूच आहेस तो.”

कवींनी वही मिटली.

“मी इथे दिवसभर बसते,” मावशी म्हणाल्या. “हा प्रिंटर झोपेतून उठला की आधी चूळ भरतो. खर्र, गुळगुळ, गुळगुळ. रोज ऐकते मी. आता चूळ भरायला त्याच्याकडे पाणी आहे का? शाईनंच भरणार. तू घरी असताना ही एक कागद छापून आत गेली की लगेच येऊन त्याला भिंतीवरून झोपवतोस. ही परत येऊन उठवते. परत चूळ. मी दिवसातून दहादा दात घासले तर ट्यूब किती दिवस पुरेल?”

माझ्या कानांवर दिवसभर चूळ भरा हेच पडतं आणि मलाच हे ऐकू आलं नव्हतं. मी दुकानदाराला फोन लावला आणि आवाज मोठा केला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

“तेच सांगत होतो की मी,” दुकानदार म्हणाला. “मशीनवरच्या बटणाने बंद केलं तर ते तोंड झाकून झोपतं. भिंतीवरून तोडलं की तोंड उघडंच राहतं, वाळतं. मग उठल्यावर शाई ओतून ओतून साफ करतं. साहेबांना म्हटलं, पण त्यांनी बोलू दिलं तर ना.”

भावोजींनी बंद पडलेल्या प्रिंटरकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या बटणाकडे, मग ताईच्या हातातल्या अर्ध्या बाहीकडे.

“म्हणजे तुझं काम माझ्याच हाताने बंद पडत होतं,” ते शेवटी ताईला म्हणाले. आवाज छत्रीच्या खिडकीतला नव्हता, घरातला होता. “चुकलं गं माझं.”

ताईला खरं म्हणजे रागवायचं होतं. तोंड उघडलंही होतं तिने. पण काळ्या अंगठ्याचा तो माणूस समोर इतका ओशाळून उभा होता की तिला हसूच फुटलं, आणि मग डोळ्यांतून पाणी आलं आणि तरी ती हसतच राहिली.

“आई, तुम्ही आधी का नाही बोललात?” तिने मावशींना विचारलं.

“मला विचारलं कुणी?” मावशी म्हणाल्या. “वरच्या कवींना विचारलं, कार्ट्रिजला विचारलं. मी संशयित नाही म्हणे. बसा मग.”

दुकान बंद व्हायला अजून वेळ होता. आम्ही सगळे गेलो, मावशीही. दुकानदार पुन्हा तिन्ही प्रिंटर समजावून सांगायला लागला, तेव्हा मावशींनी टाकीवाल्यावर बोट ठेवलं. “हाच. हिला छापायचं असतं पुष्कळ आणि रंगीत. शिवाय शाई किती उरली ते बाहेरून दिसतं. म्हणजे उद्या पातळी खाली गेली तर कुणाकडे बघायचं ते मला कळेल.”

एवढ्या वेळात भावोजी पूर्वपदावर आले होते. ते दुकानदाराला सांगत होते, “जगात गुन्हेगार पकडणारे पुष्कळ आहेत. स्वतःलाच पकडणारा गुप्तहेर पाहिलात कधी?” दुकानदार नाही म्हणाला. पंखा चालू आहे ना, हे मात्र त्याने वर बघून तपासलं.

क्लासच्या बाईंनी पाकिटांसाठी एक दिवस थांबायचं कबूल केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने जुन्या ऑफिसला फोन केला. “नाही, येत नाही,” ती म्हणाली. “माझ्या डाव्या बाह्या राहिल्यात अजून.” पलीकडच्या माणसाला काही कळलं नसावं, पण तिने फोन ठेवला होता.

मग ती छापायला बसली. नव्या प्रिंटरने एकदाच चूळ भरली आणि मग तो एकामागून एक डाव्या बाह्या काढायला लागला. ठसठशीत रेषांच्या, प्रत्येक माप वेगळ्या रंगात. ताई गुणगुणत होती. सूर नेहमीसारखेच जेमतेम होते.

भावोजी आगारात जायला निघाले. टेबलापाशी आल्यावर त्यांचा हात आपोआप भिंतीकडे गेला. ताईने गुणगुणणं थांबवून वर पाहिलं. हात हवेत थांबला आणि मोठ्या कष्टाने खाली आला. ताई पुन्हा गुणगुणायला लागली. पण उठलेल्या हाताला काहीतरी बंद केल्याशिवाय चैन पडेना. तेव्हा भावोजींनी जाता जाता शेजारचं बटण दाबलं.

खुर्चीत डोळे मिटून बसलेल्या मावशींच्या डोक्यावरचा पंखा मंदावत गेला.

“पंखा चूळ भरत नाही रे, पण उकडतं मला,” मावशी डोळे न उघडता म्हणाल्या. “लाव परत.”